डांबर भरलेला रूळ

जबाब, दि. २१ एप्रिल २००५

नाव रतन सोपान बोऱ्हाडे, वय ५१ वर्षे, धंदा फॅब्रिकेशन व जुने लोखंड, राहणार नारायण पेठ, पुणे. वर्कशॉप वाघोली.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मुंबईत रस्ते खोदताना डांबराखालून जुन्या ट्रामचे रूळ निघतात. ते मी लिलावात घेतो आणि पोटमाळ्यांना तुळई म्हणून घालतो. नव्या गर्डरपेक्षा निम्म्यात पडतात, असे गिऱ्हाईक समजते. खरा खर्च वेगळा आहे. ट्रामच्या रुळाला वरून खाच असते, तिच्यात चाळीस वर्षांचे डांबर बसलेले असते. ते जाळून काढायला एका रुळामागे दोन माणसे, अर्धा दिवस आणि दोन पोती भुसा लागतो. मग रूळ साखळीने टांगून हातोडीने वाजवायचा. खणखणला तर अखंड, बद्द वाजला तर आत तडा. पास झालेल्यावर मी खडूने गोल काढून आत ‘र’ लिहितो. नापासवर फुली.

मी सोळाव्या वर्षी परभणीहून आलो तो भंगाराच्या दुकानात हातोडी मारायला. कान तिथे तयार झाला. बावीस वर्षांच्या धंद्यात मी पास केलेला रूळ तुटलेला नाही.

कर्वेनगर येथे श्री. विक्रम यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. इन्व्हर्टरच्या जड बॅटऱ्या ठेवण्यासाठी त्यांना माळा हवा होता. आठ रूळ लागणार होते. रविवारी, ता. १७ रोजी सकाळी ते वर्कशॉपवर आले व म्हणाले, “काका, गुरुवारी उद्घाटन आहे. पाहुण्यांना काय, रूळ वाजवून दाखवू?”

मी म्हणालो, “दाखवा. सनईचे पैसे वाचतील.”

माझा फिटर संपत, अकरा वर्षे माझ्याकडे आहे, तो म्हणाला, “मालक, चार दिवस द्या. डांबर काढून घेतो.”

विक्रम म्हणाले, “चार दिवसांनी क्लासच इकडे आणतो, चालेल?”

मी संपतला म्हणालो, “डांबरासकट वाजव. मला ऐकू येतं. डॉक्टरच्या एक्स-रेला वीज लागते, मला तीपण लागत नाही.” विक्रम हसले. संपत हसला नाही. नऊ रूळ वाजवले. आठ पास केले, एकावर फुली मारून कुंपणाजवळ टाकला.

मंगळवारी, ता. १९ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास क्लासमध्ये बसवलेल्या माळ्यावर बॅटऱ्या चढवल्या. संपत माळ्याखाली आडव्या पट्टीचे बोल्ट आवळत होता. मी दारात उभा होतो. वरून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. दुसऱ्या कोणाला आला नसावा. मी ओरडलो, “संपत, बाहेर!” त्याने बाहेर येण्याऐवजी आधी माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात मधला रूळ तुटून बॅटऱ्यांसह खाली आला. संपतचे डावे पाऊल घोट्यापासून काढावे लागले आहे.

काल हॉस्पिटलच्या जिन्यात विक्रम मला म्हणाले, “काका, संपतने फुलीचा रूळ चुकून गाडीत भरला, एवढंच सांगा. आपण दोघंही सुटतो.” मी म्हणालो, “आणि तो?” ते म्हणाले, “त्याचं व्हायचं ते झालंय.” चूक संपतची ठरली तर त्याला भरपाई मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

वरच्या मजल्यावर संपतची बायको शालू बसली होती. तिने बोलणे ऐकले की नाही, सांगता येत नाही. तिने एवढेच विचारले, “मालक, उद्या जबाबाला जाताय ना?” मी हो म्हणालो. तिने माझ्यासाठी चहा मागवला. तो मी घेतला नाही.

आज सकाळी वर्कशॉपवर जाऊन आलो. फुलीचा रूळ कुंपणाजवळ जागेवर आहे. तुटलेले दोन तुकडे चौकीच्या आवारात हवालदारांनी मला दाखवले.

येथवरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच आहे. फक्त बावीस वर्षांचे वाक्य खोडावे असे मी म्हणालो. लिहिलेले खोडता येत नाही, पुढे लिहा, असे हवालदार म्हणाले. म्हणून पुढे लिहून देतो की, तुटलेल्या एका तुकड्यावर खडूचा गोल आहे. त्यातला ‘र’ माझ्या हातचा आहे.