समुद्रातला डाग

— आणि असा डाग हजारात एखाद्याच टीव्हीवर पडतो असं पुन्हा म्हणू नकोस, झानीस, मी आधीच वैतागलेय. मागच्या खेपेला हेच म्हणालास, कॉफी प्यायलास आणि गेलास. हजारात एक! मग आमच्या एवढ्याशा गल्लीत तीन कसे रे? माझा हा, समोरच्या आर्गिरोचा, आणि कोपऱ्यावरच्या लोकसान्द्राचा — तिचा तर माझ्याही आधी गेला. कंपनीने हजार टीव्ही लावून बघितले म्हणतोस, कुठे लावले? वर डोंगरात, मेंढ्यांसमोर? इथे लावायचे होते, जिथे घरटी एक माणूस बोटीवर आहे आणि टीव्हीवर दिवसभर बोटींचा नकाशा, कुठली बोट कुठे ते दाखवणारा. — हो, नकाशाच. आता कशाला लपवू? मागच्या वेळी मी बातम्या म्हणाले, कारण स्टामातिस शेजारी बसून मला कोपर मारत होता. त्याला वाटतं, बातम्या म्हटलं की वॉरंटीत बसतं. नवऱ्याचं डोकं ते! त्याला आता फुटबॉल बघायला कॉफीच्या दुकानात जावं लागतं, त्याचाच राग आहे त्याला, बाकी काही नाही. — खोटं बोलले. बाकीचंही आहे. रात्री झोपत नाही तो.

बघ तूच. ही बातम्या देणारी — हनुवटीवर काय आहे तिच्या? किनारा! अख्खा किनारा, खाडीसकट. समुद्राचा निळा होता तिथे सगळं पिवळट पडलंय, कावीळ झाल्यासारखं. आणि हा ठिपका. फुटबॉल लाव, हा मैदानात उभा. प्रार्थना लाव, हा पाद्रीबाबांच्या दाढीत. इसिडोरने हौसेने आणला होता रे हा, मागच्या सुटीत आला तेव्हा. ओएलईडी की काय ते. "आई, काळं बघ कसं काळंकुट्ट दिसतं," म्हणाला. लेकाने आणलेली वस्तू आणि मी तिची ही अवस्था करून ठेवली. मला काय ठाऊक, काचेला पण चित्र लागतं म्हणून?

एकच चित्र किती वेळ असायचं, असं विचारलंस ना तेव्हा? आता सांगते. मागच्या वर्षी इथे मस्तकीच्या झाडांचा डिंक काढत होते, तेव्हापासून. दिवसरात्र. कारण इसिडोरचं जहाज तेव्हापासून तिथेच आहे, त्या परक्या बंदराबाहेर, नांगर टाकून. मालकाने हात वर केले, फोन उचलत नाही. बंदरवाले म्हणतात, जहाज असं बेवारस सोडून उतरता येणार नाही. आणि हा जहाजावरचा दुसरा अधिकारी, म्हणजे जहाजाच्या जबाबदारीच्या कागदावर सही याचीच. ना पगार, ना धड पाणी. डेकवर पावसाचं पाणी साठवतात, ठाऊक आहे तुला? जनरेटर कधीतरी लावतात, तेव्हा फोन येतो, आणि फोनवर मला काय सांगतो, मासे छान मिळतात आई! तू मला म्हणालास, चित्र हलतं राहिलं की डाग पडत नाही. अरे मग जा ना, त्या मालकाला सांग, चित्र हलव म्हणावं! मी काय करू? बंद करू? एकदा बंद केला होता, स्टामातिसच्या सांगण्यावरून. संध्याकाळ व्हायच्या आत मीच परत लावला. हा ठिपका आहे तोवर पोरगा पाण्यावर आहे, एवढंच कळतं मला. बाकीचं तुझं तंत्र तुझ्यापाशी ठेव.

घे ना, मंदारिनचा मुरंबा आहे, खा. — तर आज बोलावलं ते त्याच्यासाठी नाही. तो डाग मी पत्करला. पण तूच म्हणालास की हे वाढत जातं. वाढलं! सकाळी उठले, बघते तर दोन. दोन ठिपके! एक तिथेच, जुना, आणि एक खाली, हा, इथे, मोकळ्या समुद्रात. भाच्याने हा नकाशा असा करून दिलाय की त्यावर फक्त आमचंच जहाज दिसतं. एकच. मग दुसरा कुठून आला? डागाला पिल्लं होतात का रे? — हसू नकोस. मला हसू येत नाहीये.

नाही, मी नीट बघितलं नाही. चादर टाकली टीव्हीवर आणि कांदे चिरत बसले. चार माणसांना पुरतील एवढे कांदे चिरलेत, बघ जाऊन. कारण एकदा झालंय असं. उपासाच्या दिवसांत वारा सुटला, जहाज नांगराभोवती फिरलं, ठिपका केसभर सरकला, आणि मी गल्लीभर बोंबलत सुटले — निघाले, निघाले! जहाजावरच्या स्वयंपाक्याची बायको कार्दामिलाहून आली, केस रंगवून, नवी चप्पल घालून. माझ्याच दारात तिला सांगावं लागलं, निघाले नाहीत म्हणून. ती माझी भांडी घासून गेली रे. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. म्हणून स्टामातिसला नाही सांगितलं, आर्गिरोला नाही. तुला फोन केला. टीव्ही बिघडला म्हणून माणूस आणखी कुणाला बोलावणार? तू फक्त सांग की बिघडलाय. सांग आणि जा. भीती वाटते रे मला, दुसरं काही नाही.

काय करतोयस? नकाशा का घालवलास? — बरं. सगळं पांढरं केलंस. हां, हा दिसतोय, फिकट, हा जुना, हा तर पाठ आहे मला. आणि खालचा? खालचा कुठे गेला? — नाहीच? नीट बघ, चष्मा पुसून देऊ का? — नाही. मग लाव. परत लाव नकाशा, लवकर. — आहे. आहे की! म्हणजे खालचा काचेवर पडलेला नाही. म्हणजे तो खराच — सकाळी तर तो नकाशावरच्या या अक्षरापाशी होता, झानीस, आता तो पुढे —

गप्प. तू बोलायचं नाहीस. तोंडातून काढायचं नाही. फ्तू, फ्तू, फ्तू, दृष्ट नको लागायला. — कसला टीव्हीचा नवा पडदा? नको मला नवा पडदा. उचल ती पिशवी. कुणी विचारलं तर टीव्ही बिघडलाय म्हणायचं, फार बिघडलाय. आणि आर्गिरोच्या खिडकीखालून जाऊ नकोस, ती तुझं तोंड बघूनच ओळखेल. जा आता. — अरे, पण बाजूला हो आधी! हो ना बाजूला, मला दिसत नाहीये.