यंदाची चांदणी

रत्नागिरीच्या स्टँडवर काशी गाडीची वाट बघत रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारा आणि त्याची सून. सुनेच्या हातात नाताळची कागदी चांदणी.

"पप्पा, शिमोनला माती देऊन तीन महिने नाही झाले. यंदा चांदणी कशाला?"

"दरवर्षी लावतो म्हणून."

"होडी उलटली तेव्हा देव कुठं होता, ते आधी सांगा मला."

"मला नाही ठाऊक, एस्तेर. रोज विचारतो त्याला."

"आणि तरी भरवसा ठेवता?"

"त्यानंही आपल्या मुलाला मरताना बघितलंय. म्हणून त्याच्यापाशी मला रडता येतं. त्याचा मुलगा थडग्यातून उठला. आपलाही उठेल, ह्या एका बोलावर मी जगतोय."

"मला नाही जमत तसं."

"नको जमू दे. तू नुसती चांदणी लाव. माझा हात पोचत नाही. शिमोनच लावायचा."

सुनेनं चांदणीचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"स्टूल धरा मग," सून म्हणाली.

गाडी आली, तशी रेटारेटी सुरू झाली.

"द्या इकडे, चुरगळेल," म्हणत काशीनं चांदणी छातीशी धरली.

"तुमच्याकडे पण लावतात, मावशी?" एस्तेरनं विचारलं.

"दिवाळीला कंदील लावतो. यंदा नाही लावला. लावणारा गेला."