डी-चौदावरचे प्रेक्षक

भिंगरी : ट्रंकेला कुलूप लावू नकोस, आत्या. तिची चौकशी अजून पूर्ण झालेली नाही.

आत्या : पाचची बस आहे माझी. आणि टॉर्च डोळ्यांवर मारू नकोस, आरोपी मीच असले तरी.

भिंगरी : तू साक्षीदार आहेस. सरक जरा. ती जांभळी साडी दे इकडे.

आत्या : तिसऱ्यांदा उलगडतेयस. आता साडीलाच घेरी यायची.

भिंगरी : बघ, हे माझं जुनं बसपासचं कार्ड. शिवणीतून असं हळूच फिरवायचं. ढेकूण असला तर पळतो. नसला, तर निदान त्याची शाई सापडते.

आत्या : शाई कसली?

भिंगरी : काळे ठिपके. पेनाचं टोक टेकवल्यासारखे. म्हणजे त्याचं रक्त पिऊन झालं की मग तो... जाऊ दे, तू आत्ताच जेवलीस.

आत्या : पस्तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेत मी. शिवणीत काय काय सापडतं ते मला नको सांगूस.

भिंगरी : मग तूच सांग, या अख्ख्या ट्रंकेत एक तरी ठिपका दिसतो का?

आत्या : चष्मा दे. हं. नाही दिसत. पण म्हणून काय झालं? मी आले महिन्यापूर्वी, रविवारी आणि लगेच बुधवारी तुझ्या दंडावर तीन चट्टे, एका ओळीत. त्याआधी या घरात ढेकूण नव्हता. मला बेरीज येते.

भिंगरी : बेरीज येते, पण आकडे लपवलेस. तीन आठवडे तुला चावतायत आणि तू म्हणतेस, उष्णता झालीये.

आत्या : आधी उष्णताच वाटली. मग एके सकाळी उशीखाली एक महाशय भेटले. तांबूस, चपटे, सफरचंदाच्या बीएवढे. त्यांना चिरडलं आणि गादी उचलून हॉलमध्ये गेले.

भिंगरी : तिथेच सगळा घोळ झाला.

आत्या : तुझ्या खोलीत नकोत म्हणून गेले गं. मग आठवलं, हॉलच्या दिवाणावर तुझे बाबा दुपारी आडवे होतात. म्हणून स्वयंपाकघरात गेले. पण स्वयंपाकघरात ढेकूण म्हणजे फारच झालं. म्हणून मग आई-बाबांच्या खोलीबाहेर, बोळात.

भिंगरी : आणि दर वेळी गादी सोबत. आत्या, भाडेकरूला फिरवतात तसं घर दाखवलंस तू त्यांना. हा हॉल, हे स्वयंपाकघर, इकडे बोळात वारा छान येतो.

आत्या : मला वाटलं, मी त्यांना तुमच्यापासून लांब नेतेय.

भिंगरी : आणि तो औषधाचा फवारा?

आत्या : अर्धा डबा संपवला.

भिंगरी : त्याने चार मरतात आणि बाकीचे शेजारच्या फटीत पळतात. हा बघ नकाशा, गणिताच्या पेपरामागे काढलाय. मार्कांची बाजू बघू नकोस. जिथे ठिपके सापडले तिथे फुल्या. दिवाणाला दोन, बोळात एक, तुझ्या गादीला तीन. माझ्या पलंगाला सात.

आत्या : आणि ट्रंकेला?

भिंगरी : भोपळा. पत्र्याची गुळगुळीत पेटी. त्यांना लपायला फट हवी, तिथे कुठे बसतील बिचारे?

आत्या : बिचारे म्हणे.

(आई येते, तिच्या हातात लाँड्रीतलं वाफेचं यंत्र, खांद्यावर गुंडाळलेली नळी.)

आई : हे घ्या. दुकान दोन तास बंद ठेवून आलेय. दारावर पाटी लावलीये, ‘घरी पाहुणे’. खोटं थोडंच आहे? अहो ताई, ट्रंक का भरलीत?

आत्या : मैत्रिणीच्या गच्चीवर एक खोली आहे. परवाच फोन केला तिला. सकाळी सांगणारच होते तुला.

भिंगरी : सांगणार नव्हती. चिठ्ठी लिहिली होती, साखरेच्या डब्याखाली. मला सापडली. मी आज सगळीकडेच शोधतेय ना.

आई : पण कशासाठी, ताई?

आत्या : ढेकूण माझ्यामुळे आले.

आई : तुमच्यामुळे? अहो, मला वाटलं माझ्यामुळे. लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, कोण कुठला झोपलेला असतो त्यांवर. मलाही तीन आठवडे चावतायत, पण बोलायची सोय नव्हती. लाँड्रीवालीच्या घरात ढेकूण, हे गिऱ्हाईकाला कळलं तर संपलंच.

आत्या : तू तर घामोळं म्हणालीस.

आई : तुम्ही उष्णता म्हणालात. आणि ह्यांना वाटतंय, त्यांच्या बसच्या सीटमधून आले. म्हणून तर आठवडाभर दारातच कपडे बदलतायत.

भिंगरी : तरीच. मला वाटलं बाबांचं नवीन खूळ.

आत्या : म्हणजे आपण सगळेच खाजवत होतो?

आई : सगळेच खाजवत होतो आणि हवामानावर बोलत होतो.

आत्या : तरी सुरुवात मी आल्यावरच झाली. माझी खोली गेली, भावाने बोलावलं, तुम्ही जागा दिलीत. राहायला आली आणि ढेकूण घेऊन आली, असं मला ऐकायचं नाही.

आई : कोण म्हणणार आहे तसं?

आत्या : न म्हणताही ऐकू येतं गं.

भिंगरी : आई, त्या रविवारी टेंपोतून आत्याबरोबर काय काय आलं?

आई : काय आलं? ट्रंक, शिलाई मशीन, गादी. आणि पाडायला काढलेलं ते थिएटर वाटेतच होतं, म्हणून तुझी...

भिंगरी : बोल ना.

आई : तुझी खुर्ची.

भिंगरी : माझी खुर्ची. बाल्कनी, डी-चौदा. नकाशात तिची फुली नाही, कारण मी घातली नाही. पलंगाच्या सातही फुल्या तिच्या बाजूलाच होत्या. म्हणून काल शाळेतून आल्यावर तिला उलटी केली. खालचं कापड सुटलंय. आत टॉर्च मारला.

आत्या : आणि?

भिंगरी : हाउसफुल्ल.

आई : अगं बाई.

भिंगरी : तिकीट न काढता बसलेत सगळे. आजोबा, नातवंडं, अंडीसुद्धा.

आत्या : काल कळलं आणि आत्तापर्यंत माझ्या साड्या झटकत बसलीस?

भिंगरी : मला वाटलं, ट्रंक निर्दोष आहे एवढं दाखवलं की तू थांबशील आणि खुर्चीचं नाव निघणारच नाही. माझी म्हणून पहिलीच खुर्ची आहे ती. तिच्यात बसलं ना, की वाटतं आता दिवे जाणार आणि काहीतरी सुरू होणार. पण तू खरंच कुलूप शोधायला लागलीस. तर पाचला कोणाला तरी जायचंच असेल, तर खुर्ची जाऊ दे.

आत्या : रडू नकोस. कार्ड ओलं होईल. आण ती खुर्ची इकडे.

भिंगरी : आणायची नाही. कुठलीच वस्तू खोलीबाहेर काढायची नाही. अजून शिकली नाहीस तू.

आत्या : बरं बाई. मीच येते तुझ्या खोलीत. माझी मोठी कात्री घे.

आई : आणि या जाड पिशव्या. सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे इथेच पिशवीत भरा आणि तोंड घट्ट बांधा. दुकानात कडकडीत गरम पाण्यात धुते आणि तापलेल्या ड्रायरमध्ये फिरवते. आपल्या चादरींना आज हॉटेलची ऐट.

आत्या : हं. सांगाडा लोखंडी आहे. चांगला दणकट. हा स्पंज आणि कापड मात्र गेलंच समज. कापते, तू पिशवी धर. तोंड बांध. आणि टाकण्याआधी वर मोठ्या अक्षरांत ‘ढेकूण’ लिही, नाहीतर दुसरी एखादी भिंगरी उचलून नेईल.

भिंगरी : म्हणजे खुर्ची राहणार?

आत्या : तुझ्या आईला वाफ मारू दे सांध्यासांध्यात. मग नवा स्पंज, नवं कव्हर. लालच हवंय?

भिंगरी : लालच. पांढरी शिवण घाल, म्हणजे ठिपका लगेच दिसेल.

आत्या : पोरगी शिकली.

आई : वाफ हळूहळू फिरवायची गं, घाई केली की आतले वाचतात. पलंग भिंतीपासून लांब ओढ. चारी पायांखाली गुळगुळीत वाट्या ठेव, म्हणजे त्यांना वर चढता येणार नाही.

भिंगरी : आणि दोन आठवड्यांनी सगळं पहिल्यापासून. तोवर राहिलेली अंडी फुटतात. मग पुन्हा दोन आठवड्यांनी. मधे कोणी गादी हलवायची नाही, कोणी जागा बदलायची नाही. हे कोणासाठी आहे ते मी सांगत नाही.

आत्या : कळलं मला.

आई : ताई, साडेपाच झाले.

आत्या : हो का? भिंगरी, माझी ट्रंक तेवढी माळ्यावर टाक.

भिंगरी : ती तर भरलेली आहे.

आत्या : मग आधी रिकामी कर. तुझ्या कपाटातला वरचा कप्पा पुरेल मला.