एंटरवरचा नारळ

मंडळी, बाळ वाचलं!

…हे मी बोललोच नाही. दामूअण्णा, तबल्यावर थाप कशाला मारलीत? काही झालेलंच नाही अजून. बाळ नाही, वाचणं नाही, गोष्टच सुरू नाही. पुढच्या रांगेतल्या आजी, पदर खाली घ्या, रडायचं नंतर आहे. आपण सगळे आत्ताच आलोय, चपला काढतोय, जागा धरतोय. हां. बसलात? राम राम.

तर आजचा प्रश्न असा — एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगणाऱ्या माणसाचं काय करावं?

आहे ना घरात एकेक? "गॅस बंद केलास का? डबा घेतलास का? पोचलास की फोन कर." काल सांगितलं, आज सांगितलं, उद्याचंही आजच सांगून ठेवलं! अशा माणसाचे उपकार मानावेत, की त्याचं तोंड बंद करावं? हात वर करा. उपकार? — वा, सगळे हात वर! तोंड बंद? — एकही हात नाही. पण मंडळी, मघाशी हात वर करताना तुमची तोंडं कशी झाली होती, ते मला इथून दिसत होतं.

ऐका तर.

मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी होती. नाव सांगणार नाही, कारण ती मी आत्ताच बनवली आहे आणि नाव अजून सुचलेलं नाही. ही कंपनी काय करायची? दिवस भरायच्या आत आलेल्या बाळांना ठेवतात ना, ती उबदार काचपेटी बनवायची. एवढ्याशा जिवाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही हो! म्हणून आत एक सेन्सर — तो बाळाची ऊब मोजणार. बाहेर आकडा दिसणार. आकडा उतरला की हीटर चालू, चढला की बंद. आणि हे सगळं चालवणारा कोण? देव? देव वरून बघतो. चालवतो तो प्रोग्राम.

हा प्रोग्राम लिहिला होता गिरीजा लोकापुरे हिने. जतची मुलगी, हुशार, हाताला वेग. स्वतःही गरोदर. पाय सुजलेले, टेबलाखाली स्टूल घेऊन बसायची.

आता प्रोग्राम लिहिला की तपासावा लागतो. त्यासाठी एक साधन असतं — डीबगर. डीबगर म्हणजे कोण? प्रोग्रामचा हात धरून त्याच्याबरोबर चालणारा एक भोचक इसम. पाऊल टाकलं की अडवणार — "थांब, इथं खड्डा आहे." पडद्यावर चौकट आणणार, चौकटीत सूचना लिहिणार, आणि तुम्ही एंटरचं बटण दाबून "वाचलं बरं का" म्हणेपर्यंत प्रोग्रामला पुढे सोडणार नाही.

सूचना कसली? "ही आज्ञा जुन्या पद्धतीची आहे. नवी वापरावी." गिरीजानं वाचलं, विचार केला. जुनी आहे, पण चालते. नुकसान काही नाही. दाबलं एंटर. पुढचं पाऊल — "ही आज्ञा जुन्या पद्धतीची आहे." एंटर. पुढचं पाऊल — "ही आज्ञा…" अहो, एखाद्या लग्नात एकच मावशी दहा पंक्तींत भेटावी आणि दर वेळी म्हणावी, "ओळखलंस का मला?" — तसं! सकाळी एंटर, जेवताना एंटर. बिचारी झोपेत नवऱ्याच्या पाठीवर एंटर दाबायची.

अशात आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. सुताराची करवत, गवंड्याची थापी. आणि कंपनीत? कॉम्प्युटर! हळदीकुंकू, झेंडूचा हार, माउसला अक्षता. कंपनीचे प्रमुख बिरनाळे सर, अत्यंत भाविक माणूस. तपासणीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालूच होता. सरांनी त्याच्यासमोर मोठा नारळ आणला आणि ठेवला तो कीबोर्डवरच. नारळ डुगडुगला. सरांनी शेंडी वर करून तो जरा उजवीकडे सरकवला. बसला! पक्का! कशावर?

एंटरवर!

झालं. सूचना आली — गेली. आली — गेली. चौकट उघडते न उघडते तोच मिटते. पडद्यावर नुसती विजेसारखी लकलक, आणि प्रोग्राम सुसाट!

गिरीजा म्हणाली, "सर, सूचना अडवायच्या थांबल्या."

"देवाची कृपा!"

"सर, नारळानं एंटर दाबून धरलाय."

"तेच म्हणतोय मी. कृपा!"

सरांना कळलं नाही असं समजू नका, मंडळी. कळलं. पण बरं वाटलं. आणि बरं वाटलं की माणूस खोलात जात नाही. गिरीजाचा हात उठला होता नारळ काढायला. पण पाठ दुखत होती, बोटं दुखत होती, आणि कितीतरी दिवसांनी पडदा शांत होता. म्हणाली, "राहू दे."

राहिला! दसरा गेला, कोजागिरी गेली, नारळ आहे तिथंच. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी दाखवायचे — पाणी इथं, चहा तिथं, आणि नारळाला हात लावायचा नाही. तपासणी पूर्ण झाली. एकाही सूचनेनं अडवलं नाही. सरांनी शेरा मारला, "निर्दोष!" आणि एक काचपेटी गावातल्या एका रुग्णालयात वापरून बघण्यासाठी रवाना झाली.

हसताय? हसा. मीही इथपर्यंत हसतच सांगतो.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी ऑफिसातच गिरीजाला कळा सुरू झाल्या. वेळेच्या फार आधी. नवऱ्यानं तिला जवळच्या रुग्णालयात नेलं. मुलगी झाली. केवढी? माझ्या या दोन चिपळ्या शेजारी ठेवा, तेवढी. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आपल्याकडे नवी काचपेटी आलेली आहे." सिस्टरनी पेटी ढकलत आणली, बाळाला आत ठेवलं, गिरीजाची खाट शेजारी लावली. नवरा औषधं आणायला खाली गेला.

गिरीजानं पेटीवरचं नाव वाचलं. आपलीच कंपनी! आपलाच प्रोग्राम! आकडा दिसतोय — साडेछत्तीस. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, देवा, मी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी केलं आणि तू ते माझ्याच लेकराच्या अंगावर पांघरलंस!

तेवढ्यात फोन. आई. जतहून एसटीत बसलेली.

"गिरी, बाळाचे पाय बघितलेस का?"

"आई, मशीन आहे. साडेछत्तीस दाखवतंय."

"दाखवू दे की. तू पाय बघ. हात लावून बघ."

"हो आई."

कवठेमहांकाळला गाडी थांबली. फोन.

"पाय बघितलेस का गं?"

"हो आई."

बघितले होते? नव्हते! पण "हो" म्हणायला काय लागतं? जीभ आहे, टाळू आहे, झालं की.

शिरढोण आलं. फोन. गिरीजानं उचलला आणि म्हणाली, "हो आई."

पलीकडून आई म्हणाली, "अगं, मी अजून काही विचारलंच नाही."

मंडळी, तबला थांबवा दामूअण्णा, इथं तबला नको. गिरीजाच्या अंगावर काटा आला. सूचना यायच्या आधी "हो". ओळ वाचायच्या आधी एंटर. तिला तो नारळ दिसला! आणि कुठं दिसला? स्वतःच्या तोंडात.

उठली. टाक्यांचं दुखणं विसरली. हात धुतले, पेटीच्या गोल खिडकीतून एक आत घातला, पायांना लावला.

गार! माठाच्या बुडासारखे गार!

वर आकडा बघितला. साडेछत्तीस. मघाशीही साडेछत्तीस. बाळाला ठेवल्यापासून साडेछत्तीस! जिवंत माणसाचा आकडा जरासा तरी हलतो हो!

"सिस्टर! बाळाची ऊब हातानं मोजा!"

"आकडा बरोबर आहे की ताई."

"बरोबरच आहे! आल्यापासून एकदाही हललेला नाही इतका बरोबर आहे! मोजा, तुमच्या पाया पडते!"

सिस्टरनी थर्मामीटर लावला, बघितला आणि तडक पेटी उघडली. बाळाला उचललं, टोपी घातली आणि आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून ब्लँकेट. डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले, तपासलं, म्हणाले, "असंच धरून बसा. हलू नका." याला दवाखान्यात कांगारू पद्धत म्हणतात. मिरजेत कांगारू कसा पोचला, कोणत्या गाडीनं, मला विचारू नका. पण आईच्या कातडीएवढी ऊब देणारं यंत्र अजून कुठल्या औद्योगिक वसाहतीत निघालेलं नाही.

छातीवर बाळ, कानाला फोन. गिरीजानं बिरनाळे सरांना लावला.

"सर, नारळ उचला."

"लोकापुरे मॅडम! अभिनंदन! मुलगी ना? लक्ष्मी आली—"

"सर, नारळ उचला!"

"आत्ता? सणाच्या तोंडावर? अहो, पाडव्याला विधिवत—"

"सर, माझी मुलगी त्या पेटीत होती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. सरांनी नारळ उचलला. प्रोग्राम तिथं अजून फिरतच होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पडद्यावरची चौकट थांबली. सर वाचू लागले —

"ही आज्ञा जुन्या पद्धतीची आहे."

"पुढं, सर."

"ही आज्ञा जुन्या पद्धतीची आहे."

"पुढं."

"ही आज्ञा… थांबा. ही वेगळी आहे. 'सेन्सरकडून उत्तर नाही. शेवटचा आकडाच दाखवत आहे.'"

सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मॅडम, हा हे कधीपासून सांगतोय?"

"पहिल्यापासून, सर."

बिचारा डीबगर! रागावला नाही, रुसला नाही, "जा, मरा" म्हणाला नाही. कुणी वाचत नव्हतं, तरी सांगतच राहिला. माझी एक ओवी आहे. शब्द माझे, चाल उसनी —

एकदा सांगे तो पाहुणा । दोनदा सांगे तो शेजारी ।
विटेतोवर सांगे जो कोणी । त्याची सावली आपुल्या शिरी ॥

इकडे गिरीजाची आई पोचली. पिशवी दारातच टाकली. "पाय बघितलेस?"

"बघितले, आई."

"गरम आहेत?"

"आता आहेत."

"परत बघ."

आणि मंडळी, गिरीजानं परत बघितले. कपाळाला आठी नाही. पाय गुलाबी झाले होते, अंगठा हलत होता. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." दामूअण्णा, आता मारा थाप! आजी, आता पदर घ्या! गिरीजानं लेकराला सांभाळत आईच्या पायाकडे हात नेला. आई म्हणाली, "वाकू नकोस, टाके आहेत." गिरीजा म्हणाली, "अजून एकदा सांग."

मग सरांनी काय केलं? पेटी स्वतः जाऊन परत आणली, सगळ्यांसमोर चूक कबूल केली, आणि भावनेच्या भरात ती सूचना मोठ्या अक्षरांत छापून, चौकटीत बसवून, ऑफिसच्या भिंतीवर टांगून तिला जाडजूड हार घातला. गिरीजाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "सर, हार काढा. अक्षरं झाकली जातायत."

बरं, मग त्या जुन्या पद्धतीच्या सूचनेचं काय केलं? ती रोज सोसायची का? नाही! भक्ती म्हणजे डोकं बाजूला ठेवणं नव्हे. गिरीजानं घरून फोनवर सांगितलं — "ज्या सूचनेचं कारण कळलंय, तेवढीच गप्प करायची. तिचं नाव घेऊन. सरसकट नाही. बाकी कुठलीही आली तर प्रोग्राम जागच्या जागी थांबला पाहिजे, आणि कुणीतरी ती मोठ्यानं वाचली पाहिजे." सेन्सरची चूकही दुरुस्त झाली. आता सेन्सर मुका झाला तर आकडा पुसला जातो आणि भोंगा वाजतो.

तर मंडळी, उत्तर मिळालं? घरातल्यांचे फोन आवाज बंद करून ठेवलेत, हे मला माहीत आहे. "हो आई, हो बाबा, हो गं" हे सुद्धा मला माहीत आहे, कारण आत्ता मी प्रश्न विचारत असतानाच तुमच्यातले निम्मे मान हलवतायत! काय विचारलं मी? बघा! अहो, तेच तेच सांगणारा माणूस कंटाळत नाही, म्हणून आपण टिकलोय. त्याला आपली खात्री नसते असं नाही. त्याला आपली काळजी असते. पुन्हा सांगायला जीव लागतो हो, आणि तो जीव तो आपल्यावर खर्च करतो. त्याचे आभार कधी मानलेत? घरी गेल्यावर माना. ते दचकतील. दचकू द्या.

आता दोन मिनिटं शांत बसा. मला वरती एक निवेदन सादर करायचं आहे.

प्रति, माननीय विधाता, जन्म-मृत्यू विभाग, वैकुंठ. विषय — वारंवार सूचना देणाऱ्या व्यक्तींना सेवेत कायम ठेवण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती करण्यात येते की, आम्हांला तेच तेच सांगणारे आमचे आईवडील व तत्सम वडीलधारे यांना वयोमानाची कोणतीही अट न लावता सेवेत अमर्याद मुदतवाढ मंजूर करण्यात यावी, आणि त्यांना कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही कारणास्तव, आमच्या आधी कार्यमुक्त करण्यात येऊ नये. तरी योग्य ते आदेश तात्काळ निर्गमित व्हावेत, ही विनंती.