ॲप्रनवरचा शब्द

लिडिया : पपा, काच तरी खाली कर. बाहेर चाळीस अंश आहेत आणि तू बंद गाडीत बसलायस.

व्हिन्स : एसी चालू आहे.

लिडिया : कुठे निघालायस का?

व्हिन्स : कुठे नाही.

लिडिया : मग इंजिन कशाला सुरू?

व्हिन्स : एसीसाठी. आत बस, नाहीतर दार लाव. गार हवा जातेय.

लिडिया : बसते. सरक जरा. हे फरश्यांचे नमुने असे सीटवरच ठेवतोस? टोचतायत. हं. आता ऐक. तिकडे गॅरेजात टेबलभर बाटल्या भरून उघड्या पडल्यात. प्रत्येकीत बेसिलचं पानसुद्धा टाकून झालंय. झाकणं लावायचं मशीन तू सोडून कुणाला चालवता येत नाही. डीनोनं प्रयत्न केला, तर पहिल्याच बाटलीची मान मोडली. सगळा सॉस त्याच्या बुटात.

व्हिन्स : दांडा सरळ खाली घ्यायचा असतो. तो त्याच्यावर लोंबकळतो. लहानपणापासून तसाच आहे तो.

लिडिया : मग ये आणि दाखव त्याला.

व्हिन्स : नाही.

लिडिया : ॲप्रनमुळे ना?

व्हिन्स : एसीमुळे.

लिडिया : पपा.

व्हिन्स : काय पपा? तुझ्या भावानं, डीनोनं, काय छापून आणलंय ते वाचता येतं मला. 'वॉगांचा सॉस कारखाना'. तेही लाल अक्षरात, लांबून दिसावं म्हणून.

लिडिया : अरे, त्याच्या मनात काही नव्हतं. दर फेब्रुवारीला, इथल्या भर उन्हाळ्यात, आपण सगळे जमतो, टोमॅटो दळतो, वर्षभराचा सॉस भरतो, त्याला वाटलं यंदा सगळ्यांना सारखी ॲप्रनं असावीत. म्हणजे, गंमत. आंजेलिना आत्यानं तर घालून फोटोही पाठवले सगळ्यांना.

व्हिन्स : आंजेलिनाला फुकट मिळालेलं काहीही आवडतं.

लिडिया : 'वॉग' ही आता शिवी राहिलेली नाही रे. खरंच. आमच्या ऑफिसात स्टावरूला नावाची ग्रीक मुलगी आहे, नबील लेबनीज. आम्ही एकमेकांना सर्रास म्हणतो. 'ए वॉग, कॉफी आणतेस का?' कुणाला काही वाटत नाही.

व्हिन्स : आणि तो तुमचा साहेब? शेन?

लिडिया : शेनचं काय?

व्हिन्स : तो म्हणतो?

लिडिया : छे, शेन कसा म्हणेल!

व्हिन्स : का नाही?

लिडिया : कारण... तो आपल्यातला नाही ना. त्यानं म्हटलं तर वेगळं होईल.

व्हिन्स : म्हणजे शिवी आहेच. तुम्ही फक्त लायसन काढलंय.

लिडिया : असं नाही... म्हणजे, आहे थोडं तसं. पण लायसन तर मिळालं ना? तुमच्या वेळी तेही नव्हतं.

व्हिन्स : आमच्या वेळी माणूस इटलीचा असो, ग्रीसचा असो, लेबननचा असो, बोटीतून या देशात उतरला की गोऱ्यांकडून सगळ्यांना हे एकच नाव. आम्हाला कुणी विचारलं नाही, तुम्हाला कॉफी हवी का.

लिडिया : नोना येतेय. आता आजीपुढे संपलं तुझं.

नोना : विंचेंझो! इथं काय बसलायस नवरदेवासारखा? सॉसला आंबायला काय पंचांग लागतं का? उतर.

व्हिन्स : मा, तू उन्हात कशाला आलीस? काठी कुठाय तुझी?

नोना : काठी टोमॅटो ढवळायला दिलीय. उतर म्हणते ना!

व्हिन्स : आणि हे काय घातलंयस? तूसुद्धा?

नोना : का? कापड दणकट आहे. दोन खिसे आहेत. एकात रुमाल, एकात चष्मा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला दोन खिशांचं ॲप्रन कुणी दिलं नाही, तुझ्या बापानं पण नाही.

व्हिन्स : त्याच्यावर काय लिहिलंय ते माहितीये तुला?

नोना : मला इंग्रजी वाचता येतंय होय? डीनोनं वाचून दाखवलं. म्हटलं, अरे, हा तर ओळखीचा. बिस्किटांच्या कारखान्यात आमचा मुकादम रोज सकाळी हेच म्हणायचा. लांब नाकाचा, बिल. गुड मॉर्निंगच्या जागी हेच.

लिडिया : मग तू काय म्हणायचीस, नोना?

नोना : मी गोड हसायचे आणि आपल्या गावच्या बोलीत उत्तर द्यायचे. काय ते सांगत नाही, रविवारी चर्चला जायचंय. त्याची आई होती त्यात. आणि एक बोकड होता.

लिडिया : आणि तो?

नोना : तो म्हणायचा, थँक यू. सगळ्या बायका खाली वाकून बिस्किटं मोजायला लागायच्या, हसू दाबत. मजा होती गं. शब्द लागायला आधी कळावा लागतो. मला इंग्रजी आलं नाही ही देवाची कृपा.

व्हिन्स : मला येत होतं, मा.

नोना : काय?

व्हिन्स : इंग्रजी. मला येत होतं.

नोना : हो. शाळेत घातलं होतं ना तुला.

व्हिन्स : तेच म्हणतोय. तू कारखान्यात बोकड जोडत होतीस. मला शाळेत दुपारी डबा उघडायला लागायचा. तेलात परतलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या, जाडजूड पावात, तपकिरी कागदात. कागद भिजून तेल वहीवर. अख्ख्या वर्गाला वास. मग सुरू व्हायचं. वॉग, वॉग, नाकं धरून, तालात.

नोना : पण डबा तर तू रोज रिकामा आणायचास.

व्हिन्स : हो.

नोना : मग खाल्लं कुणी?

व्हिन्स : शाळेमागच्या ओढ्यातल्या बदकांनी.

नोना : माझ्या मिरच्या? बदकांना?

व्हिन्स : त्यांना आवडायच्या. चांगली गुबगुबीत झाली होती.

नोना : ऐकलंस का गं? रात्री उभी राहून मिरच्या भाजून सोलायचे मी! कारखान्यातून आल्यावर! बदकांना!

लिडिया : थांब, थांब. पपा, म्हणून मला शाळेत कायम पांढरा पाव आणि त्यावर इथल्या पोरांचं ते काळं व्हेजीमाइट? रोज? घरात नोनानं पाठवलेली वांगी, सलामी, सगळं असताना? मला वाटायचं आईची रात्रपाळी असते आणि तुला दुसरं काही करताच येत नाही.

व्हिन्स : करता येतं. मिरच्या मी तुझ्या आईपेक्षा चांगल्या परततो.

लिडिया : मग सांगायचंस तरी!

व्हिन्स : काय सांगायचं? व्हेजीमाइट खा म्हणजे तुला कुणी ओळखणार नाही?

लिडिया : आणि आज हे ॲप्रन पाहिलंस.

व्हिन्स : डीनोच्या छातीवर पाहिलं, तेव्हा मी हसलो. विचार त्याला. म्हटलं, दाढीवाला गाढव आहे, त्याला शोभतं. आंजेलिनानं घातलं, तेव्हाही ठीक. मग तुझी अलेग्रा धावत आली, ते तिला पायघोळ होतंय, अडखळतेय, आणि मला, आजोबाला, म्हणते, बघ नोनो, मीपण. सहा वर्षांची आहे लिडिया ती. मी तेवढाच होतो.

लिडिया : मलापण खटकलं ते. खरं सांगते. पण सगळे हसत होते, म्हटलं मीच उगाच. मला सगळ्याचंच असं होतं, अजून तिला द्राक्षं घशात अडकतील म्हणून उभी चिरून देते मी. आणि सोमवारी तिला ते शाळेत न्यायचंय. घरची एक वस्तू आणून वर्गात दाखवायची असते. आणि मी हो म्हणून बसलेय. म्हणून तर आले मी तुझ्याकडे. झाकणांचं निमित्त.

व्हिन्स : झाकणं खरीच लावायची आहेत की नाहीत?

लिडिया : ती पण आहेतच.

नोना : म्हणून मी झाडाखाली उभी राहायचे.

व्हिन्स : काय?

नोना : तुझी शाळा सुटायची तेव्हा. बाकीच्या बायका फाटकाशी, मी कोपऱ्यावरच्या निलगिरीखाली.

व्हिन्स : मी कधी सांगितलं नव्हतं तुला तिथं उभी राहा म्हणून.

नोना : नाहीच सांगितलंस. पहिल्या दिवशी मी फाटकाशी आले होते, डोक्याला काळा रुमाल बांधून, तुला हाका मारत. तेव्हा तुझं तोंड पाहिलं. तेवढं वाचता येतं मला.

व्हिन्स : मा...

नोना : सावली होती रे तिथं. माझी काही तक्रार नाही.

(गॅरेजातून काच फुटल्याचा आवाज, पाठोपाठ हशा.)

नोना : दुसरी गेली.

लिडिया : मी डीनोला सांगते, सगळ्यांना ॲप्रनं काढायला लाव म्हणून. आत्ताच. त्याला राग आला तर येऊ दे.

व्हिन्स : नको.

लिडिया : का? तूच तर...

व्हिन्स : आंजेलिना खूश आहे. मा खिशांवर खूश आहे. घालू दे. त्यांच्यावर तो शब्द कुणी फेकून मारलेला नाही, त्यांनी दुकानातून आणलाय. फरक आहे. मला फक्त तुम्ही 'अरे, आता काय त्यात' म्हणू नका. तेवढं एक.

लिडिया : नाही म्हणणार.

व्हिन्स : तू मघाशी म्हणालीस.

लिडिया : म्हटलं खरं. पुन्हा नाही म्हणणार.

अलेग्रा : मम्मा! डीनोमामा म्हणतो दोन फुटल्या आणि लवकर या. आणि तो वाईट शब्द बोलला.

लिडिया : कुठला शब्द? अलेग्रा, कुठला?

अलेग्रा : शेणाचा.

लिडिया : हां. तो ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण असू दे.

अलेग्रा : नोनो, तू रुसलायस?

व्हिन्स : मी हवा खातोय. इकडे ये. हे काय लिहिलंय तुझ्या ॲप्रनवर, माहितीये?

अलेग्रा : हो. वॉग. म्हणजे जे सॉस करतात ते.

व्हिन्स : कुणी सांगितलं?

अलेग्रा : कुणी नाही. दिसतंच ना! शेजारच्या आर्चीला पण व्हायचंय. मघाशी मला म्हणाला, मी होऊ का? मी म्हटलं, तसं होता येत नाही, आधी बाटल्या धुवाव्या लागतात.

नोना : बरोबर आहे. फुकट कुणाला नाही.

व्हिन्स : आणि समजा कुणी तुला ओरडून म्हटलं? हसत नाही, रागानं. तर?

अलेग्रा : रागानं का म्हणेल?

व्हिन्स : उगाच.

अलेग्रा : मग मी सांगीन, ओरडू नकोस, मला ऐकू येतं.

नोना : माझी पोर! ही माझ्यावर गेलीय.

लिडिया : अलेग्रा, ऐक. सोमवारी हे ॲप्रन शाळेत न्यायचं नाही.

अलेग्रा : तू हो म्हणाली होतीस!

लिडिया : म्हणाले होते. आता नाही म्हणतेय. घरात घाल, गॅरेजात घाल, हवं तर घालून झोप. शाळेत सॉसची बाटली ने. मी येईन हातात धरून.

अलेग्रा : पण का?

लिडिया : कारण... पपा, सांग ना काहीतरी.

व्हिन्स : मी सांगेन तिला. आज नाही, सोमवारच्या आत. सगळं नाही, थोडं.

नोना : बदकांचं सांग. माझ्या मिरच्यांचं काय केलंस ते कळू दे सगळ्यांना.

अलेग्रा : कुठली बदकं?

व्हिन्स : लठ्ठ बदकं. चल, उतर खाली. माझा पाय मोकळा कर. मा, माझा हात धर, काठी नाही तुझ्याकडे.

नोना : इंजिन बंद कर आधी. पेट्रोल काय झाडाला लागतं?

लिडिया : डीनो, बाजूला हो! पपा आलेत. ते मशीन सोड. अरे, सोड म्हणते ना!

व्हिन्स : काचा उचला पायातल्या. तो पाइप घे आणि बूट धू तुझे, मुंग्या येतील. अलेग्रा, तू इथे, माझ्या बाजूला. तू बाटली धरायचीस, मी दांडा दाबणार. बोटं खाली.

अलेग्रा : नोनो, तुझं ॲप्रन तिकडे खिळ्याला आहे. मी आणू?

व्हिन्स : नको.

अलेग्रा : शर्ट लाल होईल तुझा.

व्हिन्स : होऊ दे.

अलेग्रा : पण सगळ्यांनी घातलंय. तुला का नको?

व्हिन्स : मला बसत नाही ते.

अलेग्रा : लहान होतं?

व्हिन्स : बाटली सरळ धर, बाळ. हां, अशी.