शनिवारी दुपारची बांधणी खोली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील समितीचे सदस्य, उद्यापासून कारभार सांभाळणारे आमचे नवे ग्रंथपाल साहेब, बाईंचे यजमान आणि समोर बसलेल्या वाचकहो,

मी इथला पुस्तकं बांधणारा माणूस. मला फाटक्या पुस्तकांची सवय, भरल्या सभागृहाची नाही. माइक स्टँडवरच राहू द्या.

आज आपल्या ग्रंथपाल बाई निवृत्त होतायत. बाईंना कोण घाबरलं नाही? अध्यक्ष महोदय, आपणही एकदा पुस्तक उशिरा आणल्यामुळे खांबाआड उभे होतात. हसू नका मंडळी, अर्धं सभागृह त्या खांबाआड उभं राहिलेलं आहे! पण मला बोलायचंय ते दुसऱ्या भीतीबद्दल. बाईंना विचारूनच बोलतोय.

एकोणीस वर्षांपूर्वी मी बाईंना विचारलं होतं, "शनिवारी दुपारी माझे काही मित्र येऊन पुस्तकं दुरुस्त करतील, चालेल का?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खळ सांडायची नाही," एवढंच म्हणाल्या.

आम्ही सात जण होतो. एक गणिताचे सर, एक शिंपीणताई, आणखी चौघं आणि मी. आम्ही समलिंगी माणसं. हे वाक्य मी माइकसमोर पहिल्यांदाच बोलतोय, जरा पाणी पितो.

तर, आम्हाला एकत्र बसायला दुसरी जागा नव्हती. दहा-दहा मिनिटं सोडून एकेक जण जिना चढायचा. खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही. हात पुठ्ठ्यावर आणि कान जिन्याकडे. पुस्तकं मात्र खरोखर दुरुस्त व्हायची, बरं का. मोठ्या शब्दकोशाचा दुसरा खंड शिंपीणताईंनी शिवलाय, अजून एकही पान सुटलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा एक शनिवार. शिंपीणताई सांगत होत्या, त्यांची जोडीदारीण दवाखान्यात होती आणि दारातच यांना विचारलं होतं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" ताई दारातूनच परत फिरल्या होत्या. तेवढ्यात बाहेर आवाज चढला. आवाज माझ्या थोरल्या भावाचा. दादा माझ्या मागावर आला होता, सोबत आणखी दोघं.

"माझा भाऊ आत आहे. दार उघडा."

"आहे ना. काम करतोय," बाई म्हणाल्या.

गणिताच्या सरांनी खिडकी उघडली आणि एक पाय बाहेर टाकला. दुसरा मजला हो! मी त्यांचा शर्ट मुठीत घट्ट धरला.

"आत कसली माणसं बसतात, तुम्हाला माहितेय?" दादा ओरडला.

आम्ही बाईंना कधीच काही सांगितलं नव्हतं. आता हे दार उघडणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं.

"आठ वर्षं झाली, माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आवाज खाली करा. वाचक बसलेत."

तेवढ्यात वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा तिकडून खेकसले, "अहो, मंडई आहे का ही?" दादा जिना उतरून गेला. त्यानंतर आजवर तो माझ्याशी बोललेला नाही. सर खिडकीतून आत आले आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. ते आज या सभागृहात आहेत की नाहीत, हे मी सांगणार नाही.

मला वाटलं, प्रकरण तिथेच मिटलं. बाईंनीही तसंच भासवलं. पण गेल्या महिन्यात कार्यालयाच्या जुन्या फायली माझ्याकडे बांधायला आल्या. त्यात दादाची तक्रार होती, तेव्हाच्या समितीने बाईंकडे मागितलेला खुलासा होता, आणि बाईंच्या उत्तराचा कच्चा मसुदाही. बाईंचं अक्षर कसं, छापल्यासारखं! त्या कागदावर ते वेडंवाकडं होतं. पहिली ओळ होती, "मला याबद्दल काही माहीत नव्हतं." ती खोडली होती. खाली पुन्हा तीच ओळ, पुन्हा खोडलेली. तिसऱ्यांदा लिहिलं होतं, "हे मला माहीत होतं आणि माझ्या परवानगीने होतं."

त्यांची बढती तीन वर्षं अडली. आम्हाला कधी कळू दिलं नाही. बाई, तुम्हीही घाबरला होतात, हे मला अकरा वर्षांनी समजलं.

नवे ग्रंथपाल साहेब, काल तुम्ही मला विचारलंत, "शनिवारी बांधणीच्या खोलीत कोण बसतं?" मी म्हणालो, "मदतनीस." आणि खळ ढवळायला लागलो. आज पूर्ण उत्तर दिलंय. उद्या माझ्याबरोबर चहाला कोण बसेल, ठाऊक नाही.

बोलू दिल्याबद्दल समितीचे आभार, ऐकून घेतल्याबद्दल आपले सर्वांचे आभार. मला भाषण जमत नाही, कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

साहेब, परवा शनिवार आहे. दुपारी तीनला आम्ही जिन्यात उभे असू. या वेळी सगळे एकदमच येऊ.