दार बंद म्हणजे मुले झोपली

मी, शर्मिला अरविंद हाटे, वय ४३ वर्षे, व्यवसाय अंगणवाडी सेविका, राहणार आंबेकोंड, तालुका महाड, जिल्हा रायगड, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी पती व सासू यांच्यासह राहते. वाडीतली अंगणवाडी मी चालवते. सारिका ही मदतनीस आहे. मयत सार्थक उतेकर, वय चार वर्षे, याचे आईवडील मुंबईला असतात. तो आजी तुळसा चांगू उतेकर यांच्याजवळ राहत होता.

सार्थकचे नाव माझ्या अंगणवाडीच्या पटावर होते, पण सकाळी तो बिरवाडीच्या इंग्रजी नर्सरीत जाई. वाडीतल्या बऱ्याच मुलांचे तसेच आहे. नावे काढली तर पट कमी होऊन अंगणवाडी दुसरीकडे जोडतील, म्हणून मी ती काढलेली नाहीत. दुपारी नर्सरीची व्हॅन सार्थकला अंगणवाडीसमोर सोडे. तो खिचडी खाऊन आमच्या मुलांत झोपे व नंतर आजी त्याला नेई. हे नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. मूल दारात येऊन उभे राहिले की ताट द्यावेच लागते.

अंगणवाडीला दोन दारे आहेत. पुढचे दार आतून कडीने लागते. कुलूप मागच्या, स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराला लावतो. मुले झोपली की मी पुढचे दार लावून घेते, नाहीतर कुत्री आत येतात. पूर्वी न्यायला येणाऱ्या बायका दार बडवत आणि झोपलेली सगळी मुले रडत उठत. म्हणून मी वाडीत सांगून ठेवले होते की, दार बंद आणि बाहेर चपला दिसल्या म्हणजे मुले झोपली आहेत, कोणी दार वाजवायचे नाही. वाडी माझे बाकी काही ऐकत नाही. हे मात्र सगळ्यांनी पाळले.

काल आम्हा सर्व सेविका व मदतनिसांना महाडला प्रशिक्षणासाठी बोलावले होते, त्यामुळे अंगणवाडी बंद होती. आदल्या दिवशी सकाळी मुलांना सोडायला आलेल्या बायकांना मी तसे सांगितले. तुळसाबाई सकाळी येत नाहीत. त्यांना व व्हॅन चालवणारे सहदेव यांना सांगायचे राहून गेले.  

प्रशिक्षणात लहान मुलांना पाटी-पेन्सिल देण्याची घाई करू नये, खेळातून शिकू द्यावे, हे सांगितले. परदेशातल्या बालवाडीची फिल्म दाखवली. त्यात आपल्या सार्थकएवढी मुले रानातून चालत होती, ओढ्यात दगड टाकत होती आणि बाई लांब उभ्या होत्या. मॅडम म्हणाल्या की, मुलाला स्वतःची वाट स्वतः शोधू द्या. मला ती फिल्म आवडली होती. ती चालू असताना माझा फोन वाजला. नंबर वाडीतला होता. मी कट केला. पुन्हा वाजला तेव्हा बाहेर जाऊन घेतला. पोर कुठे ठेवलेय, असे तुळसाबाई विचारत होत्या.

मी व सारिका रिक्षाने वाडीत आलो. सहदेव यांनाही तिथे बोलावून घेतलेले होते. त्यांनी सांगितले की, सार्थकला नेहमीच्या जागी उतरवले. तो पायरीवर बसून बूट काढू लागला, म्हणून आत बाई आहेत असे समजून त्यांनी गाडी वळवली. तुळसाबाई ओढ्यापलीकडच्या शेतात वालाच्या शेंगा तोडत होत्या. मधेच पाणी प्यायला घरी आल्या तेव्हा अंगणवाडीवरून गेल्या. त्या मला म्हणाल्या, "बाई, दार लावलेला व्हता नि बूट नीट ठेवलेलं व्हतं. मला वाटला निजला हाय. मी वाजवला नाय." त्या पावलांचा आवाज न करता परत शेतावर गेल्या. नेहमीच्या वेळी न्यायला आल्या, तरी दार बंदच होते. म्हणून पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मागे जाऊन पाहिले, तेव्हा त्यांना कुलूप दिसले.

शेताची वाट ओढ्यावरून जाते. ओढ्यावर वाडीने डिसेंबरात पोती रचून बंधारा घातला आहे. त्या पोत्यांवरूनच माणसे येजा करतात. बंधारा घालताना मी मुलांना नेले होते. प्रत्येकाने पोत्यात मूठभर वाळू टाकली होती. त्या दिवशी नर्सरीला सुट्टी असल्याने सार्थकही होता. पूर्वी तिथे घोट्याइतके पाणी असे, आता माझ्या छातीला लागते. वाडीत शोधून तो सापडला नाही, तेव्हा कंपनीतून सुटून आलेल्या माणसांनी पाण्यात उतरून शोधले व त्याला काढले. तो आजीकडे निघाला असावा, असे माझे मत आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मयत घोषित केले. मला रडू आले नाही. अजून आलेले नाही.

नर्सरीत मुले बूट घालूनच बाकावर बसतात. बूट काढून, मोजे आत घालून, टाचा भिंतीला लावून ओळीत ठेवायचे आणि मग आत यायचे, हे सार्थकला मी शिकवले. त्याला ते लवकर जमले होते. माझ्याकडे तो एवढेच शिकला, बाकी सगळे नर्सरीत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आज सकाळी कळले की, नर्सरीने एक दिवसाची सुट्टी दिली आहे. अंगणवाडीही बंद आहे.

हा जबाब मी सांगितला तसा टंकलिखित करून मला मराठीत वाचून दाखवला. त्यात, दाराबाहेर मयताचे बूट पडलेले होते, असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले. बूट पडलेले नव्हते. ओळीत ठेवलेले होते, मोजे आत घातलेले होते. तेवढी दुरुस्ती करून बाकीचा मजकूर बरोबर आहे, म्हणून सही करते.